तीन नवी कंपाउंड धनुष्ये : कंप आणि झीज यांच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ३ जून २०२३

मिशिगनमध्ये धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो, मधला पंधरवडा बंदूकवाल्यांना देऊन १ डिसेंबर ते १ जानेवारी असा पुन्हा खुला होतो. त्यामुळे येथील धनुष्यांच्या दुकानांत ऑगस्टपासून झुंबड उडते आणि त्याआधीच नव्या मॉडेलांविषयी दुकानदाराला स्वतःचे मत पक्के करून ठेवावे लागते. ज्या दुकानासाठी मी हे काम पत्करले आहे, त्याच्या मालकांची अडचण साधी आहे. गिऱ्हाईक तीन बाण सोडते, ‘याला कंपच नाही’ असे म्हणून धनुष्य विकत घेते आणि दोन वर्षांनी तेच धनुष्य तंतू सुटलेल्या केबलसह दुरुस्तीला घेऊन येते. हाताला जाणवणारा कंप आणि पुढे होणारी झीज यांचा खरोखर काही संबंध आहे का, एवढे मोजून सांगा, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझा रोजचा व्यवसाय मोटारींतील आवाज आणि कंपन यांचा असल्याने मापनाची साधने ओळखीची आहेत. शिकारीशी मात्र माझा काहीच संबंध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाने हा शब्द बहुधा गोष्टींतच ऐकलेला असतो. तो मुद्दा बाजूला ठेवून मी धनुष्याकडे यंत्र म्हणून पाहणार आहे.

धनुष्ये तीन असून त्यांना अ, ब आणि क अशी नावे दिली आहेत. तिन्हींचे रायझर (हाताने धरायचा मधला भाग) अॅल्युमिनियमचे आणि लिम्ब (वर-खाली वाकणाऱ्या पात्या) काचतंतूंच्या आहेत. तिन्ही ६० पौंड ताणाला आणि २९ इंच ड्रॉ लेंथला, म्हणजे दोरी मागे ओढण्याच्या लांबीला, लावून घेतली आहेत. खरा फरक केबल बाजूला धरून ठेवणाऱ्या भागात, म्हणजे केबल-रक्षकात, आहे. अ मध्ये केबल दोन छोट्या रोलरवरून जातात, ब मध्ये सरळ दांड्यावर सरकणारा प्लास्टिकचा तुकडा आहे आणि क मध्ये दांडाच थोडा लवचिक आहे. आज फक्त कोरी मापे घेतली. लिम्बांच्या टोकांवरच्या चाकांच्या, म्हणजे कॅमच्या, दोन्ही आसांमधले अंतर आणि ग्रिपपासून (मुठीपासून) दोरीपर्यंतचे अंतर मोजले, कॅमवरच्या खुणांचे फोटो काढले आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रायझरवर उतरणारी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू किंचितही फिरला तरी ती रेघ तुटलेली दिसेल.

शनिवार, १७ जून

कंपमापक बाहेर काढण्याआधी बळाचा आलेख काढायचा, असे ठरवले होते. धनुष्य घट्ट धरून ठेवणाऱ्या यंत्रावर ते बसवून हाताने फिरवायच्या विंचने दोरी अर्धा अर्धा इंच मागे घेतली, प्रत्येक टप्प्याला लोड सेलवरचे (बळ मोजणाऱ्या संवेदकावरचे) आकडे लिहिले आणि पूर्ण ताणापर्यंत पोहोचल्यावर त्याच टप्प्यांनी दोरी पुढे सोडत आकडे पुन्हा लिहिले. पुष्कळ लोक यातला पहिलाच आलेख काढून थांबतात, कारण त्याच्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे दोरी ओढताना केलेले काम आणि सगळ्यांना रस असतो तो त्यातच. परंतु परतीचा आलेख नेहमीच थोडा खालून जातो आणि दोन रेषांमध्ये जी चिंचोळी फट राहते ती बेअरिंग, कॅमच्या खोबणी आणि केबल-रक्षक यांच्या घर्षणात गेलेली ऊर्जा असते. प्रत्येक धनुष्यावर हे पाच वेळा केले. ओढताना अ ने १०७, ब ने १०९ आणि क ने १०६ ज्यूल घेतले, म्हणजे त्या बाबतीत तिन्ही जवळपास सारखीच आहेत. फटीचे क्षेत्रफळ मात्र अ मध्ये ६, क मध्ये ८ आणि ब मध्ये ११ ज्यूल भरले. पाच वेळांतला फरक एका ज्यूलच्या आतच राहिला, त्यामुळे हा आकड्यांचा खेळ नाही.

ही फट मुळात असण्याचे कारण या धनुष्याच्या रचनेतच आहे. मिझुरी राज्यातील होलेस विल्बर अॅलन यांनी १९६६ मध्ये ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि जिचे पेटंट ३० डिसेंबर १९६९ रोजी मंजूर झाले, तिच्यात लिम्बांच्या टोकांना मध्य सोडून आस बसवलेली चाके होती आणि ताण वाटून घेणाऱ्या केबल एका लिम्बेकडून दुसरीकडे जात होत्या. पूर्ण ओढल्यावर बोटांवरचा भार एकदम हलका होतो, ही त्या रचनेची देणगी. तिची किंमत अशी की केबल बाणाच्याच वाटेत येतात आणि त्यांना सतत एका बाजूला ओढून धरावे लागते. ताणलेली केबल बाजूला ओढली की ती रक्षकावर दाबली जाणार आणि दाबलेली वस्तू सरकली की घासणार. सध्या एवढीच नोंद ठेवतो.

शनिवार, २४ जून

दिवस वाया गेला. कचेरीतून आणलेला कंपमापक, म्हणजे त्वरण मोजणारा अॅक्सेलेरोमीटर, ±५० जी (गुरुत्वीय त्वरणाच्या ५० पट) क्षमतेचा होता आणि लिम्ब जेथे रायझरला बसते त्या खाचेजवळ तो पहिल्याच बाणाला वरच्या मर्यादेला टेकला. आलेखाचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट दिसत होता. त्यातून त्वरणाची बेरीज करून वेग काढायला गेलो, तर बाण सुटून गेल्यावरही धनुष्य ठरावीक वेगाने खिडकीबाहेर निघाले असल्याचे गणित सांगू लागले. हलक्या वजनाचे ±५०० जी चे दोन संवेदक मागवले आहेत. वायरही रायझरला टेपने घट्ट बांधावी लागेल, नाहीतर ती स्वतःच फडफडते आणि तो फटका नोंदीत येतो.

शनिवार, १ जुलै

आज बाणाच्या वजनाचा परिणाम पाहिला. धनुष्य फक्त अ, बाण तीन वजनांचे: ३००, ४२० आणि ५४० ग्रेन, म्हणजे अनुक्रमे १९.४, २७.२ आणि ३५ ग्रॅम. पहिला बाण ताणाच्या दर पौंडाला ५ ग्रेन एवढा भरतो. वेगाचे जाहिराती आकडे याच प्रमाणावर मोजलेले असतात आणि यापेक्षा हलका बाण लावायचा नाही असा सर्वसाधारण संकेत आहे. वेग ९२.४, ८०.८ आणि ७२.६ मीटर प्रतिसेकंद मिळाले. त्यावरून बाणासोबत गेलेली ऊर्जा ८३, ८९ आणि ९२ ज्यूल येते. ओढताना १०७ ज्यूल खर्च झाले असल्याने मागे २४, १८ आणि १५ ज्यूल उरले. यातला थोडा भाग घर्षणात जातो. उरलेला धनुष्यात थरथरतो.

हलका बाण वेगात निघतो म्हणून त्याने जास्त ऊर्जा नेली असेल, असे दुकानातल्या तरुण सहायकाला वाटत होते. त्याचा हा समज दूर करण्यासाठी अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांची आभासी वस्तुमानाची कल्पना कामी आली. दोरी, केबल, कॅम आणि लिम्बांची टोके यांनाही बाणाबरोबर पळावे लागते. त्या सर्वांच्या पळण्याऐवजी बाणाच्याच वेगाने जाणारे एक काल्पनिक वजन बाणाला बांधले आहे असे धरले, तर हिशेब जुळतो. अ साठी ते वजन ५.६ ग्रॅम येते आणि तिन्ही बाणांना तेच लागू पडते. बाण हलका झाला की एकूण ओझ्यातला या ५.६ ग्रॅमचा वाटा वाढतो, आणि बाण सुटून गेल्यावर हा वाटा जाणार कोठे, तर आपल्या हातात.

यावरून एक नियम केला: यापुढची सगळी मापने ४२० ग्रेनच्याच बाणाने होतील. एका धनुष्याला हलका आणि दुसऱ्याला जड बाण लावून ‘हे शांत, ते गडबडे’ असे ठरवण्यात अर्थ नाही. दुकानात आजवर हेच होत आले आहे, कारण गिऱ्हाईक आपापले बाण घेऊन येते.

शनिवार, ८ जुलै

नवे संवेदक आले. एक ग्रिपच्या खाली, दुसरा लिम्बेच्या खाचेजवळ, दोन्ही सायनोअॅक्रिलेट गोंदाने चिकटवले. प्रत्येक धनुष्याचे पहिले १०० बाण आज यंत्रावर पूर्ण झाले आणि शिवाय दहा-दहा बाण मालकांनी स्वतः हातात धरून सोडले.

‘सर्वोच्च त्वरण इतके जी’ असा एकच आकडा द्यायचा नाही, असे मी ठरवले आहे. तो आकडा कोणत्या वारंवारितेपर्यंत मोजले यावर हवा तसा वरखाली करता येतो आणि ही मर्यादा घालणाऱ्या गाळणीचा (फिल्टरचा) उल्लेख न करता तो छापणे ही एक प्रकारची लबाडीच आहे. त्याऐवजी बाण सुटल्यापासून पहिल्या २०० मिलिसेकंदांतले १००० हर्ट्झपर्यंतचे आरएमएस मूल्य, म्हणजे वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, घेतले. हाताच्या कंपनासाठी आयएसओ ५३४९ हे मानक आहे, परंतु ते दिवसभर यंत्र धरून काम करणाऱ्यांसाठी आहे. क्षणभराच्या धक्क्याला ते जसेच्या तसे लावणे बरोबर नाही, म्हणून त्याच्या भारित आकड्यांचा आधार घेतला नाही.

ग्रिपवर ब सर्वांत शांत निघाले. अ चा आकडा त्याच्या जवळपास दुप्पट आहे आणि क चा या दोहोंच्या दरम्यान आहे. मालकांनी डोळे मिटून धरले तेव्हाही त्यांनी हाच क्रम लावला. तळहाताची त्वचा २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत संवेदनशील असते आणि ब चे रबरी दमक (कंप शोषणारे तुकडे) नेमके तेथेच काम करताना आलेखात दिसतात. त्यातच ब स्टॅबिलायझरसह (तोल सांभाळणाऱ्या पुढच्या दांड्यासह) अ पेक्षा जवळजवळ एक पौंडाने जड आहे आणि जड वस्तू तेवढ्याच धक्क्याने कमी हलते. मालक खूश आहेत. त्यांना ब हेच यंदाचे पहिले नाव म्हणून पुढे करायचे आहे. झीज पाहिल्याशिवाय तसे करू नये, अशी मी विनंती केली.

शनिवार, २२ जुलै

क आजपासून झिजेच्या तुलनेतून बाद. २३८ व्या बाणाला, विंच सुटताच, नेहमीच्या ‘थड’ ऐवजी काच फुटावी तसा आवाज झाला आणि बाण यंत्रापासून जेमतेम दोन हातांवर जमिनीवर पडला. बाणाच्या मागच्या खाचेचे प्लास्टिक, म्हणजे नॉक, तडकले होते, त्यामुळे दोरीने बाण सोबत नेलाच नाही. एरवी १०६ पैकी १७-१८ ज्यूल धनुष्यात राहतात, येथे जवळजवळ सगळेच राहिले. खालच्या कॅमवरून केबल उतरली होती आणि वरच्या कॅमची कड एका जागी चेपली होती.

लिम्ब वरून निर्दोष दिसत होत्या. कापसाचा बोळा घेऊन प्रत्येक लिम्बेच्या दोन्ही कडांवरून टोकापासून खाचेपर्यंत हळूच फिरवला. वरच्या उजव्या लिम्बेवर आसापासून दोन बोटांच्या अंतरावर कापसाचे चार-पाच धागे अडकून राहिले. बोटाने काही जाणवत नव्हते. भिंगातून पाहिले तेव्हा केसाएवढी उभी भेग आणि तिच्यातून उठलेला काचतंतू दिसला. हे धनुष्य पुन्हा ओढायचे नाही, असे लिहून त्याला लाल चिठ्ठी बांधली.

चूक माझी आहे. नॉक दर बाणाला वाकवून पाहण्याचे ठरले होते आणि ते दर दहा बाणांना करण्याची सवलत वेळ वाचवण्यासाठी मीच दिली होती. सवलत रद्द.

शनिवार, ५ ऑगस्ट

अ आणि ब चे ३०० बाण पूर्ण. पहिल्या शंभरातच दोघांच्याही दोऱ्या थोड्या बसल्या. दोन्हींच्या आसांमधले अंतर दीड मिलिमीटरच्या आसपास वाढले, ताण अर्ध्या पौंडाने उतरला आणि अ चे पीप, म्हणजे नेम धरण्यासाठी दोरीत बसवलेले छिद्र, तिरके झाले होते. ही झीज नव्हे. नव्या दोरीचा हा स्वभाव असतो. धनुष्य बो प्रेसमध्ये (लिम्ब दाबून दोरी सैल करणाऱ्या साधनात) दाबून केबलना पीळ दिला आणि मूळ मापे परत आणली.

आज सकाळी काम तासभर थांबले होते, कारण बर्लिनमधल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे कंपाउंडचे अंतिम सामने होते. साताऱ्याच्या सतरा वर्षांच्या अदिती स्वामीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असे हरवले आणि नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० गुण घेतले. सातारा कोठे आहे हे दुकानातल्या नकाशावर दाखवण्याचा योग प्रथमच आला. लक्ष्यवेधाच्या त्या धनुष्यांत आणि आमच्या टेबलावरच्या धनुष्यांत फरक मोठा आहे. ती लांब असतात, त्यांना पुढे-मागे लांब दांडे असतात आणि रोज शेकडो बाण सोडले जात असल्याने दोऱ्या झिजण्याआधीच बदलल्या जातात. शिकारी वर्षाला काहीशे बाण सोडतो आणि दोरी तुटायला येईपर्यंत तिच्याकडे पाहत नाही. झिजेचा प्रश्न त्यामुळे त्याच्याच बाबतीत खरा ठरतो.

शनिवार, १९ ऑगस्ट

४०० बाण. ब चे रबरी दमक काढून रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये, ओल्या खोबऱ्याच्या पिशव्यांशेजारी, उणे १८ अंशांना ठेवले होते. बर्फाच्या डब्यातून आणून झटपट बसवले आणि पाच बाण सोडले. ग्रिपवरचा कंप उन्हाळ्यातल्या मापाच्या मानाने स्पष्ट वाढला, विशेषतः त्याच २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात. रबर गारठले की ताठरते आणि त्याचा ऊर्जा गिळण्याचा गुण बदलतो, हे मोटारींच्या कामात रोजचे आहे. डिसेंबरच्या पहाटे मिशिगनच्या झाडावर बसलेल्या माणसाला ऑगस्टमधल्या दुकानातली शांतता मिळणार नाही.

शनिवार, २ सप्टेंबर

५०० बाण. दोन्ही धनुष्ये उतरवून प्रत्येक भाग भिंगाखाली पाहिला. आजची नोंद लांब होणार आहे, कारण माझा पहिला अंदाज चुकला.

जेथे कंप जास्त तेथे झीज जास्त, असे मी धरून चाललो होतो. अ वर दोन रेघा तुटल्या आहेत. साइटचा (नेम धरण्याच्या साधनाचा) एक स्क्रू साधारण पाव फेरा मागे आला आहे आणि भात्याच्या कंसाचा एक थोडासा. ब वर एकही रेघ तुटलेली नाही. येथवर अंदाज बरोबर आहे: जास्त थरथरणाऱ्या धनुष्यावर स्क्रू सैल झाले.

केबलकडे वळलो तेव्हा चित्र उलटे निघाले. अ ची केबल रोलरवरून जाते त्या जागी जवळजवळ नवी आहे. तिच्यावर गुंडाळलेल्या सर्व्हिंगला, म्हणजे संरक्षक दोऱ्याला, हलकी चमक आली आहे, एवढेच. ब मध्ये सरकणाऱ्या तुकड्याच्या खोबणीत ०.२ मिलिमीटर खोल चर पडला आहे, त्याच्या कडेला प्लास्टिकची पांढरी भुकटी साचली आहे आणि तेथून जाणाऱ्या केबलच्या सर्व्हिंगचे वेढे एका बाजूने विस्कटून मधून आतले तंतू डोकावत आहेत. ते बोटांनी चोळले की लोकरीसारखे फुगतात. वरच्या कॅममधून केबल बाहेर पडते तेथेही ब चे सर्व्हिंग सरकले आहे. कॅमची कड कापसाने तपासली, एकही धागा अडकला नाही. कड निर्दोष असल्याने दोष केबलच्या तिरक्या ओढीचाच असणार.

मग १७ जूनची वही उघडली. ब च्या आलेखातली फट ११ ज्यूल, अ ची ६. दर बाणाला ओढताना आणि सोडताना मिळून ब सुमारे पाच ज्यूल जादा घासण्यात घालवत होते. ते हाताला जाणवत नव्हते, कारण हे घर्षण कंप निर्माण करत नव्हते, उलट तो थोडा गिळतच होते. ब च्या शांतपणाचा एक हिस्सा, मोठा नव्हे पण हिस्सा, त्याच्या घासण्यातून आलेला आहे. स्क्रूचे काय होणार हे कंपमापकाने सांगितले. केबलचे काय होणार हे मात्र साध्या विंचने आणि लोड सेलने पहिल्याच पंधरवड्यात सांगून ठेवले होते आणि मी ती नोंद बाजूला सारली होती.

शनिवार, ९ सप्टेंबर

ब चा दांडा कारखान्यातून आला तसाच होता आणि तो केबलना बाणापासून गरजेपेक्षा बराच दूर ओढत होता. नवा तुकडा आणि नवी केबल घालून दांडा थोडा आत फिरवला. किती आत न्यायचा हे ठरवण्यासाठी पायांना मारायच्या पावडरचा फवारा बाणाच्या पंखांवर आणि केबलवर मारून बाण सोडला. पहिल्या वेळी केबलवरच्या पावडरीत एक रेघ उमटली, म्हणजे पंख घासत होता. दांडा किंचित बाहेर घेतला, पुन्हा सोडला, रेघ नाही. दांडा तेथेच घट्ट केला.

आलेख नव्याने काढला. फट ११ वरून ८ ज्यूलवर आली. ग्रिपवरचा कंप किंचित वाढला, पण मालकांना डोळे मिटून तो ओळखता आला नाही.

शनिवार, २३ सप्टेंबर

मागचा शनिवार गणपतीच्या तयारीत गेला. आज ब चे दुरुस्तीनंतरचे १५० बाण पूर्ण झाले. खोबणीत चर नाही, भुकटी नाही, सर्व्हिंगचे वेढे जागेवर आहेत. जुन्या तुकड्यावर १५० बाणांनंतर काय दिसत होते याचा फोटो माझ्याकडे नाही, त्यामुळे ही तुलना जितकी नेटकी दिसते तितकी पक्की नाही. ती तशीच लिहून ठेवतो. अ चे सैल स्क्रू हलक्या थ्रेडलॉकने (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाने) बसवले होते, त्यांच्या रेघा शाबूत आहेत.

अहवालात शिफारस एकाच धनुष्याची केलेली नाही. अ घेणाऱ्याने पहिल्या शंभर बाणांनंतर सगळे स्क्रू तपासावेत. ब देण्याआधी दुकानाने दांडा लावून द्यावा आणि ३०० बाणांनंतर खोबणी दाखवायला बोलवावे. दोघांनीही दर पौंडाला ७ ग्रेनच्या खाली जाऊ नये. क चा विषय लाल चिठ्ठीवर संपतो.

शनिवार, ३० सप्टेंबर

उद्या हंगाम सुरू होत असल्याने दुकानात उभे राहायला जागा नव्हती. संवेदक परत न्यायला गेलो होतो. माझ्यासमोरच एका गिऱ्हाइकाने अ आणि ब चे तीन-तीन बाण सोडले, मालकांचे बोलणे पुरते ऐकून न घेता ‘याला कंपच नाही’ म्हणत ब टेबलावर ठेवले आणि पाकीट काढले. सहायकाने त्याला पाच मिनिटे थांबायला सांगितले, पानाने दांड्याचा स्क्रू सैल करून तो आत फिरवला, पंखांवर पावडर मारून एक बाण सोडला, केबल उजेडात धरून पाहिली आणि मगच पावती केली.